चेन, गिअर आणि मामेभावाची ट्रॅक्स

माझ्या मामेभावाचा कल्याणात केटरिंगचा धंदा आहे. केटरिंग हा शब्द फक्त पाटीवर. घरात आम्ही अजून ‘देगांचं काम’ असेच म्हणतो. रमजान ईद झाली की लग्नांचा मोसम सुरू होतो. त्या दिवसांत त्याची जुनी ट्रॅक्स पहाटे चारला दूधनाक्यावरून निघते आणि रात्री अकरा-बाराला परतते. मागे देगा, भट्ट्या, गॅसच्या टाक्या, तांदळाची पोती आणि त्या सगळ्यावर बसलेली दोन पोरे. कधी शहापूर, कधी मुरबाड, कधी राबोडी.

या वर्षी रमजान तोंडावर आला आणि गाडीने मान टाकली. बंद पडली नाही, पण निळा धूर, डिपस्टिकवर दर आठवड्याला खाली जाणारे ऑइल, सकाळी लवकर चालू न होणे, आणि चालू झाली की पहिली काही सेकंदे पुढच्या बाजूने डब्यात खिळे हलवल्यासारखी खडखड. इंजिन उतरवणे भाग होते. रमजानमध्ये लग्ने नसतात, म्हणजे हाच एक महिना हातात. शव्वालच्या तारखांचे बयाने घेऊन झाले होते, आणि भिशीचे पैसे नुकतेच हातात आले होते.

इंजिन उतरले त्या रविवारी आमच्या घरी इफ्तारनंतर वाद सुरू झाला. लायनर-पिस्टनबद्दल वाद नव्हता, क्रँक ग्राइंड करायचा याबद्दलही नव्हता. वाद होता टायमिंग चेनचा.

माझे अब्बा कल्याणच्या डिझेल लोको शेडमध्ये फिटर होते. त्यांचे सगळे आयुष्य डब्ल्यूडीएम-२ च्या सोळा सिलिंडरच्या अल्को इंजिनाखाली गेले. २६०० हॉर्सपॉवर, आणि त्यातले कॅमशाफ्ट फिरतात ते गिअरवर. अब्बांचे म्हणणे एका वाक्यात संपले. “चेन सायकलला असते. ज्याच्यावर पोट आहे त्या इंजिनात गिअर पाहिजे.”

मामेभाऊ म्हणाला, “फुफा, मी पण तेच ऐकतोय. कुर्ल्याला एक जण ४०७ चं इंजिन द्यायला तयार आहे. गिअरवालं. म्हणतो, आयुष्यभर टायमिंगकडे बघायचं काम नाही.”

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर काहीही मिळते हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे, आणि ‘गिअरवालं टाकून दे’ हा सल्ला ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंत कोणत्याही चहाच्या टपरीवर फुकट मिळतो. मला हा सल्ला चुकीचा वाटतो. गिअर वाईट म्हणून नव्हे. हा सल्ला प्रश्नच चुकीचा विचारतो म्हणून.

आधी मुळातली गोष्ट. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँक दोन फेरे घेतो तेव्हा कॅमशाफ्टने बरोबर एक फेरा घ्यायचा असतो. व्हॉल्व्ह केव्हा उघडायचे, केव्हा मिटायचे, हे त्या फेऱ्यावर ठरते. डिझेल इंजिनात पंपाने नोझलला केव्हा डिझेल पाठवायचे तेही त्याच मेळावर. हा मेळ राखायचे मुख्य मार्ग तीन. दातावर दात बसवून गिअर लावायचे, नाहीतर चेन घालायची, नाहीतर रबरी पट्टा. पट्ट्याचा विषय इथे नाही. मारुती ८०० वाल्यांना तो चांगला माहीत आहे.

ट्रॅक्सच्या त्या जुन्या गाडीतले इंजिन म्हणजे ओएम ६१६, मर्सिडीजच्या रचनेचे, परवान्यावर आपल्याकडे पुण्यात बनलेले. २३९९ सीसी, चार सिलिंडर. त्याचा कॅमशाफ्ट हेडमध्ये, वर बसलेला आहे. क्रँक खाली, कॅम वर, मध्ये अख्खा ब्लॉक आणि हेड. हे अंतर गिअरने जोडायचे तर एकावर एक गिअरची उतरंड रचावी लागेल. वजन वाढेल, आवाज वाढेल, आणि प्रत्येक जोडीतली थोडी थोडी ढील वर जाईपर्यंत साठत जाईल. म्हणून बनवणाऱ्यांनी तिथे दुहेरी चेन घातली. तीच चेन वाटेत डिझेल पंपही फिरवते.

४०७ च्या ४९७ इंजिनात कॅमशाफ्ट खाली, ब्लॉकमध्ये, क्रँकच्या शेजारी असतो. तिथून पुश रॉड वर जातात. शेजाऱ्याशी बोलायला फोन लागत नाही, तसे तिथे गिअर पुरतात. अब्बांच्या अल्कोमध्येही तेच, कॅमशाफ्ट ब्लॉकच्या दोन्ही बाजूंना, पुश रॉड लांब. किर्लोस्करच्या शेतावरच्या पंपाच्या इंजिनात तेच, आणि जुन्या लोखंडी बुलेटमध्येही कॅम खालीच असल्याने गिअरच. उलट पद्मिनी आणि अँबेसेडरमध्ये कॅम खाली असूनही चेन होती, कारण मोटारीत बसणाऱ्याला गिअरची कुईऽऽ नको असते. म्हणजे चेन की गिअर हे कोणाच्या मर्दानगीवर ठरत नाही. कॅम कुठे बसवला आणि आवाज किती सोसायचा, यावर ते कागदावरच ठरलेले असते.

ते नंतर बदलता येते का? एका गाडीत खुद्द बनवणाऱ्यांनीच बदलले होते, आणि ती गाडी आपल्या ओळखीची आहे. विलीज जीप. लढाईतल्या जीपच्या इंजिनात टायमिंग चेन होती. लढाई संपल्यावर नागरी जीप निघाली, आणि तिच्या काळात कंपनीने चेन काढून गिअर घातले. पण चेनवर कॅम क्रँकच्याच दिशेने फिरतो, आणि एका गिअरला दुसरा गिअर लावला की तो उलट्या दिशेने फिरतो. त्यामुळे नुसते गिअर घालून भागले नाही. कॅमशाफ्ट वेगळा करावा लागला, त्यावर चालणारा ऑइल पंप वेगळा करावा लागला. एकाच जीपच्या चेनवाल्या आणि गिअरवाल्या इंजिनांचे हे भाग एकमेकांना चालत नाहीत. जुन्या जीपचा शौक असलेल्या माणसाने हे माहीत नसताना भाग मागवले, तर ते परत करायला जावे लागते.

(जीपचा विषय निघालाच आहे तर सांगतो. ती जीप आपल्याकडे आणणारी कंपनी १९४५ मध्ये ‘महिंद्र अँड मोहम्मद’ नावाने सुरू झाली. त्यातले मोहम्मद म्हणजे मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर ते पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल. १९४८ मध्ये पाटीवरचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाले. इंग्रजी अद्याक्षरे तीच राहिली.)

तर कंपनीला कारखान्यात जे बदल करावे लागले, ते कुर्ल्याच्या एजंटच्या तोंडी ‘टाकून दे’ इतके सोपे असतात. आमच्या बाबतीत तर चेनच्या जागी गिअर नव्हे, अख्खे इंजिनच बदलायचे होते. ४९७ हे जवळजवळ तीन लिटरचे इंजिन. माउंटिंग वेगळे, गिअरबॉक्सला जोडणारे बेल हाउसिंग वेगळे, रेडिएटर वेगळा. शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहे. आरसी बुकात लिहिलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल परस्पर करता येत नाही. कल्याण आरटीओत फिटनेसला गाडी उभी राहिली आणि इंजिन नंबर जुळला नाही, तर लग्नाच्या मोसमात देगा डोक्यावर न्याव्या लागतील. एवढे करून मिळणार काय, तर कोणी किती चालवले याचा पत्ता नसलेले जुने इंजिन. तेही उघडून बांधावेच लागणार.

हे सगळे मी घरात बोललो. अब्बांना पटले नाही. मामेभावाला अर्धे पटले.

दुसऱ्या दिवशी तरावीहनंतर आम्ही कौशाला गेलो. इंजिन तिथे एका उस्तादांच्या गॅरेजात उघडून ठेवले होते. रमजानमध्ये मुंब्रा-कौशाची गॅरेजे रात्रीच जागी असतात. उस्ताद मूळचे जुन्नरचे, मराठी आमच्यापेक्षा चांगले. मामेभावाने गिअरचा विषय काढला तर ते हसलेही नाहीत. त्यांनी टायमिंग कव्हरच्या आतले भाग एका ट्रेमध्ये मांडले होते, तो ट्रे पुढे सरकवला. “चेन नंतर बोला. आधी हे बघा.”

चेन दिसायला बरी होती. पण क्रँकवरचे छोटे स्प्रॉकेट हातात घेतले तर त्याचे दात एका बाजूला झिजून मांजराच्या नखासारखे वाकडे झालेले. कॅमवरच्या मोठ्याचेही तेच, थोडे कमी. चेनच्या मागची गाइडची पट्टी तपकिरी पडून कडक झालेली, तिच्यात दोन खोल चर. टेन्शनर हाताने दाबला तर अडकत होता.

“चेन कधी बदलली?” उस्तादांनी विचारले.

तीन वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका गॅरेजात, मामेभावाने सांगितले. खडखड होत होती म्हणून.

“फक्त चेन बदलली. वरून जुनी कडी कापली, तिला नवी चेन जोडली, क्रँक हाताने फिरवत फिरवत नवी आत घेतली, टोके जोडली. दोन तासांचं काम.” ती पद्धत चुकीची नाही, या इंजिनासाठी ती बनवणाऱ्यांनीच दिलेली पद्धत आहे, हेही त्यांनी सांगितले. “पण खालचं स्प्रॉकेट काढायला अर्धं इंजिन उघडावं लागतं. ते कोणी उघडलं नाही. नवी चेन झिजलेल्या दातांवर बसवली. ती तीन वर्षं टिकली हेच नशीब.”

चेन ‘ताणली’ असे आपण म्हणतो. पोलाद रबरासारखे ताणले जात नाही. चेनच्या प्रत्येक सांध्यात एक पिन आणि तिच्याभोवती एक बुश असते, आणि ही जोडी झिजते. या चेनच्या दोन सांध्यांमधले अंतर ९.५२५ मिलिमीटर, म्हणजे इंचाचे तीन अष्टमांश. समजा क्रँकपासून कॅमपर्यंत ओढणाऱ्या बाजूला पन्नास सांधे आहेत, आणि प्रत्येक सांधा एक मिलिमीटरचा दहावा भाग झिजला. एवढी झीज डोळ्याला दिसत नाही. पण पन्नास ठिकाणची मिळून पाच मिलिमीटर होते. कॅमच्या स्प्रॉकेटला अडतीस दात धरले तर त्याचा घेर साधारण ३६० मिलिमीटर, म्हणजे एका मिलिमीटरला कॅम एक अंश मागे राहतो. पाच मिलिमीटरला पाच अंश, आणि क्रँकच्या हिशेबाने दहा अंश. इंजिन सकाळी चालू व्हायला कुरकुरते, चढावर ओढत नाही, धूर टाकते, त्यात या दहा अंशांचा मोठा वाटा असतो. लोक मात्र नोझल बदलत बसतात.

चेन एखादा दात पुढे सरकली तर याहून वाईट. या इंजिनाचे कॉम्प्रेशन २१ ला १ आहे. पिस्टन वर आल्यावर हेडपाशी जागा उरतच नाही. व्हॉल्व्ह अवेळी उघडा राहिला तर पिस्टन त्याच्यावर आदळतो. मग वाकलेले व्हॉल्व्ह, फुटलेला पिस्टन, आणि शहापूरच्या रस्त्यावर थंड होत जाणारी बिर्याणी.

त्या रात्री मला एक गोष्ट स्पष्ट झाली, आणि हे सगळे लिहायला घेतले ते तेवढ्यासाठीच. चेन की गिअर हा वाद आपल्याला आवडतो, कारण त्यात कोणाचे पैसे जात नाहीत. चहावर तासभर चालतो. खरा प्रश्न अगदी नीरस आहे. नुसती चेन बदलायची, की चेन, दोन्हीकडची स्प्रॉकेटे, पंपाचे स्प्रॉकेट झिजले असेल तर तेही, टेन्शनर आणि सगळ्या गाइड-पट्ट्या, असा पूर्ण सेट टाकायचा? त्यात पैसे जातात, म्हणून तो प्रश्न कोणी विचारत नाही. आमच्या हिशेबात हा पूर्ण सेट अख्ख्या इंजिनकामाच्या दहाव्या हिश्श्याच्याही खाली आला. क्रँक बाहेर आहे, हेड बाहेर आहे, मजुरी ठरलेली आहे. आज हे भाग टाकायला वेगळी मजुरी नाही. उद्या हाच क्रँकचा दात बदलायचा तर अर्धे इंजिन पुन्हा उघडायचे. तरी लोक पिस्टन भारी कंपनीचे घेतात आणि टेन्शनर धुऊन परत लावतात.

एक मधला मार्गही असतो, तोही सांगितला पाहिजे. या इंजिनांसाठी कॅमच्या स्प्रॉकेटची पायरी असलेली अर्धचंद्राकार चावी मिळते. ती घातली की झिजलेल्या चेनमुळे मागे पडलेला कॅम थोडे अंश पुढे येतो. गाडी लगेच बरी वाटते. चेन मात्र तेवढीच झिजलेली असते. वर्षभरात गाडी विकायची असेल तर हा उपाय ठीक, असे कोणी म्हणेल. पुढच्या मालकाला ते सांगणार असाल तर मीही म्हणेन.

गिअरवाल्यांनी यावर खूश होऊ नये. गिअरलाही झीज आहे, तिचा आवाज वेगळा असतो इतकेच. इंजिनकामात ब्लॉकला लाइन बोअर केले आणि क्रँक केसभर वर सरकला, तर क्रँकचा गिअर वरच्या गिअरमध्ये जास्त घुसतो. दातांमधली मोकळीक जाते आणि गाडी शिटी वाजवत फिरते. मधल्या आयडलर गिअरचे बुश झिजले तर उलट होते, ठोके येतात. आणि एक झिजलेला गिअर ठेवून दुसरा नवा लावण्याची काटकसर तिथेही चालते, तिचे फळही तेच. चेनवाल्यांची अडचण हेडची. हेड फेसिंग करून पातळ झाले की कॅम क्रँकच्या जवळ येतो, चेन तेवढी ढिली पडते आणि टायमिंग थोडे मागे जाते. फेसिंगवाल्याकडून किती काढले ते लिहून घ्यावे. कोणी घेत नाही.

लिहून घेण्याचीच बोंब आहे. आमच्याकडे मागच्या कामाची एक चिठ्ठी असती, ‘चेन बदलली, स्प्रॉकेट जुनेच, इतके किलोमीटर’, एवढी एक ओळ असती, तर मामेभावाने तीन वर्षे ‘चेन नवी आहे’ या भरवशावर गाडी हाकली नसती. उस्ताद-शागिर्दांची आपली परंपरा कानावर चालते. उस्तादांना खडखड ऐकून टेन्शनर कळतो. ते ज्ञान खरे आहे, आयटीआयच्या डिझेल मेकॅनिकच्या वर्षभरात ते येत नाही. पण गाडीच्या मालकाला तो कान नसतो. त्याच्यासाठी कागद लागतो. काय टाकले, काय जुनेच ठेवले, आणि काढलेले भाग पिशवीत भरून परत. हे मागायला आपल्याला संकोच वाटतो, जणू समोरच्यावर अविश्वास दाखवतो आहोत. मला उलटे वाटते. दुसऱ्याची रोजी हातात घेतलेल्या माणसाकडे ती अमानत असते, आणि अमानतीचा हिशेब मागण्यात अपमान कसला?

कौशाच्या उस्तादांनी न मागता दिला. वहीच्या पानावर सगळे लिहिले, खाली किलोमीटर. पूर्ण सेट नवा. डिझेलच्या ऑइलमध्ये काजळी जमते आणि ती चेनच्या पिना घासते, म्हणून ऑइल कधी बदलायचे तो आकडाही लिहिला आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. इंजिन बांधल्यावर सेल्फ मारण्याआधी त्यांनी क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवला, कॅमच्या वॉशरवरची खूण टॉवरवरच्या खुणेसमोर आली की नाही ते टॉर्च लावून पाहिले, आणि मलाही पाहायला लावले. मला चष्म्याशिवाय काही दिसले नाही. तरी मी हो म्हणालो.

जुनी चेन आम्ही घरी आणली. अब्बांनी ती डिझेलने धुतली, पुसली, आणि आणखी एक नवी चेन दाखवायला मागवून घेतली, म्हणजे मामेभावाला पुन्हा कौशाला पिटाळले. मग दोन्ही चेन गॅलरीतल्या एकाच खिळ्याला शेजारी शेजारी टांगल्या. कड्या दोन्हींच्या सारख्याच, मोजून. जुनी खाली अर्धे पेर जास्त लोंबत होती.

अब्बा बराच वेळ बघत राहिले. अल्कोबद्दल काही बोलले नाहीत. मग मामेभावाला विचारले, “टेन्शनर नवा टाकलाय ना?”